सांगून पिलं देणारा

साठ सालच्या सुमारास मी अकोल्यात गुरांच्या दवाखान्यात कारकून होतो. फेफरं पिढीजात उतरतं का, हे पाहायला आमचे डॉक्टर कुत्र्यांच्या वंशावळी जमवत होते. लिहून घेणं माझं काम. एकदा एक धनगर आपली कुत्री घेऊन आला. कुत्रीचं नाव मी लिहिलं, त्याचं विचारायचं राहून गेलं.

तिच्या मानेवरून हात फिरवत तो सांगत होता, "इच्या मायले फेफरं होतं, आजीले नोतं, आजीच्या भावाले होतं." अक्षरओळख नव्हती, पण चार पिढ्या तोंडपाठ.

"मग हिची पिलं कोणी नेतं का?" मी विचारलं.

"नेतात ना बाबूजी. पन मी पयले सांगून देतो. न सांगता देलं अन् मंग घरच्याईनं लाथा हानल्या, त त्या मुक्या जनावराचा काय कसूर?"

माझा हात थांबला.

"काहून, शाई सरली का?" तो हसला.

पंधरा दिवसांवर माझ्या मुलीचं लग्न होतं, वरुडला. तिला फेफरं यायचं, माझ्या आईलाही यायचं. "उपास फार करते, म्हणून चक्कर येते," असं मी वरपक्षाला सांगितलं होतं. त्या संध्याकाळी व्याह्यांना खरं कळवायला बसलो आणि अर्धं पत्र लिहून फाडलं.

पहिल्या दिवाळीला मुलगी आली, तेव्हा तिच्या पाठीवर डाग होते. सोंग करते म्हणून सासूनं तापल्या उलथन्यानं डागलं होतं.

"बाबा, तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. ती अजून तेच खरं समजते.