स्टिडमबाईंच्या गाडीचा डावा दिवा

वर्लीन स्टिडमने न्यायाधीशाला केक चारला, अशी कुजबुज केंटकीच्या डोंगरातल्या त्या गावात वर्षभर चालली होती. साधासुधा नव्हे, वाळवलेल्या सफरचंदांचा आठ थरांचा केक! न्हाव्याच्या दुकानात तर थर वाढत वाढत बारावर गेले.

वर्लीनने तीस वर्षं शाळेच्या बस दुरुस्त केल्या. निवृत्त झाली, तरी खोड जाईना. रोज सकाळी आपल्या जुन्या गाडीभोवती फेरी, टायरला एक लाथ आणि सगळे दिवे लावून बघणं. नवा बल्ब बसवला की त्याच्या पितळी बुडावर खिळ्याने तारीख कोरायची. "लग्नाची तारीख विसरतेस, बल्बची बरी लक्षात राहते," असं नवरा म्हणायचा. तो गेला, खोड राहिली.

एका रविवारी दुपारी तिचा लेक डेन्झिल ती गाडी घेऊन निघाला आणि हवालदार टकर कॉम्ब्सने त्याला अडवलं. का, तर म्हणे ब्रेकचा डावा दिवा लागत नाही. डेन्झिल नको नको म्हणत असताना टकरने डिकी उघडली. आत हातभट्टीच्या चोवीस बरण्या! आणि त्या भागात दारूबंदी. डेन्झिल शाळेची बस चालवायचा. शिक्षा झाली तर तुरुंग होताच, वर बसचा परवाना कायमचा जाणार होता.

"बरण्या तुझ्याच ना रे?" वर्लीनने विचारलं.

"आई, आता तुला काय सांगू..."

"नकोच सांगू. दिव्याला हात लावला होतास?"

"नाही गं."

"मग तोंड पाडून बसू नकोस. शर्टाला इस्त्री कर."

कोर्टात टकरने शपथेवर सांगितलं, दिवा बंद होता. डेन्झिलच्या वकीलबाई म्हणाल्या, गाडी तेव्हापासून पोलिसांच्याच आवारात आहे, चला बघू. न्यायाधीश हॅल्सी सगळ्यांना घेऊन तिथे गेले. वर्लीनने ब्रेक दाबला. उजवा लागला, डावाही लागला.

"बल्ब मागाहून बदलला असेल!" सरकारी वकील म्हणाले.

"आवाराची किल्ली कुणाकडे होती रे टकर?" वर्लीन म्हणाली. "बल्ब काढ आणि बुडावरची तारीख वाच. तू अडवलंस त्याच्या तीन आठवडे आधीची आहे. चष्मा देऊ का? लहानपणी तुला स्वतःची बससुद्धा ओळखू यायची नाही!"

टकरने वाचली. कान लाल झाले.

"अडवायला कारणच नव्हतं," न्यायाधीश म्हणाले, "तेव्हा डिकी उघडायचा हक्कही नव्हता. त्या बरण्या माझ्या कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाहीत."

बरण्या गेल्यावर खटल्यात उरलं काय? सोमवारी डेन्झिल बस घेऊन निघाला. त्याआधी घरी आईने कान पिळला तो वेगळाच. "पुन्हा माझ्या डिकीत बरणी दिसली, तर दिवा मीच फोडीन!"

राहता राहिला केक. वर्लीनला केक करता येत नाही. दिवा चालू होता.