राजापुढचं प्यादं

चष्म्याच्या काचा घासण्यात काचवाल्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण चार माणसांत मिसळायचं म्हटलं की त्यांची दातखीळ बसायची. त्यांचं बोलणं-चालणं काय ते थोरल्या भावाशी. कामावरून आलं की दोघं खिडकीपाशी बुद्धिबळाचा पट मांडायचे.

"पांढरी तू घे, धाकटा आहेस," दादा म्हणायचा.

काचवाले राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचे, दादाही तेच करायचा. असा सगळा जन्म गेला. दादा डोळे बारीक करून बसला की हे म्हणायचे, "काय शिजतंय मनात?" दादा नुसता हसायचा. नंबर वाढला असेल म्हणून यांनी त्याला दोनदा नवा चष्माही करून दिला.

दादा गेला आणि घर खायला उठलं. शेवटी काचवाल्यांनी वाचनालयातल्या बुद्धिबळ मंडळात जायचं ठरवलं. तिथेही नाही जमलं तर उरलेलं आयुष्य भिंतींशीच बोलायचं होतं. त्यांनी कंबर कसून तयारी केली. पहिली चाल आपली नेहमीचीच, पण समोरच्याने उंटापुढचं प्यादं काढलं तर काय, घोडा काढला तर काय, सगळ्यांना उत्तरं शोधली. दादाच्या चालीला तेवढा हात लावला नाही. ती तर तोंडपाठ होती!

मंडळात समोर एक नर्स बसली. काचवाल्यांनी प्यादं सरकवलं. तिनेही राजापुढचंच सरकवलं, दोन घरं. काचवाल्यांचा हात थबकला तो थबकलाच. पुढची चाल येत होती, पण ती दुसऱ्या कुणासमोर खेळवेना.

"काका, तुमची वेळ संपली," पटाशेजारच्या घड्याळाकडे बघत ती हळूच म्हणाली. "पुढच्या आठवड्यात याल ना?"

"बघतो," म्हणून ते घरी आले.

आता या चालीचीही तयारी करणं भाग होतं. काळ्याच्या बाजूने बघावं म्हणून ते पहिल्यांदाच दादाच्या खुर्चीत बसले. खिडकीतलं उतरतं ऊन थेट डोळ्यांत घुसलं. पट दिसेना. डोळे बारीक करावे लागले.

"अरे दादा, एकदा तरी बोलायचंस," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले.

पुढच्या आठवड्यात ते मंडळात लवकर जाऊन तिथल्या खिडकीसमोरच्या खुर्चीत बसले. केलेली सगळी तयारी पाण्यात घालून नर्सला म्हणाले, "पांढरी तुम्ही घ्या."

तिने प्यादं उचललं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"काका, ऊन येतंय तुमच्या डोळ्यांवर."

पहिल्याच चालीला तिच्या लक्षात आलं होतं.