हे मोजलं कोणी?

नंदेश्वर सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने मला 'प्रेरणादायी आठवण' मागितली. माझ्याजवळ आहे ती लाजेची. छापायची की नाही, ते मंडळाने ठरवावे.

सरांची ओळख झाली तेव्हा मी नववीत होते. एकोडी या आमच्या गावाहून सायकलने शाळेत जायची. तिथे जुन्या नकाशांच्या खोलीत सर दर रविवारी मुलांकडून विज्ञानाचे प्रकल्प करवून घेत, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायला शिकवीत. मी गेले आणि म्हटले, "सर, मले एखादा टॉपिक द्या ना."

"टॉपिक मी काहून देऊ? तुह्या घरी काय बिघडून राहिलं, ते सांग."

"बियाण्याचं धान उगवतच नाही, सर."

"मंग त्याचा ओलावा मोज."

सर कधी आयते उत्तर देत नसत. माझा प्रोग्रॅम तास तास अडून राहायचा आणि सर शेजारी हात मागे बांधून उभे. "मी बटन दाबलं तर थो प्रोग्रॅम माहा होईल," म्हणायचे. मला तेव्हा असा राग यायचा!

रोवणीच्या दिवसांत बाबांनी माझा रविवार बंद केला. सर थेट बांधीत, म्हणजे आमच्या धानाच्या खाचरात आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले आणि दुपारपर्यंत आमच्यासोबत धान लावत राहिले. मग बाबांना म्हणाले, "आता पोरीले सोडा, भाऊ." बाबांनी सोडले. सरांनी लावलेल्या वाकड्यातिकड्या ओळी मात्र त्यांनी नंतर सगळ्या उपटून पुन्हा लावल्या.

ओलाव्याची नोंद रोज घ्यायची होती. मी मामाकडच्या लग्नाला आठ दिवस राहिले आणि परत येऊन आठही आकडे एका बैठकीत मनाने भरले. आलेख निघाला तो सुतासारखा सरळ. सर बघत राहिले.

"पोरी, धान एवढ्या शिस्तीत वाळते काय?"

मला रडू कोसळले. सर रागावले नाहीत. त्यांनी माझ्याच हाताने ते आकडे खोडायला लावले आणि समोर लिहायला लावले, 'मोजले नाही'. तालुक्याच्या प्रदर्शनात माझा नंबर आला नाही. तरी सरांनी परत येताना बसस्टँडवर मला आलुबोंडा खाऊ घातला. त्यांचा चेहरा मात्र पहिला नंबर आल्यासारखा होता.

आज मी स्वतः विज्ञान शिक्षिका आहे. आता पालक फोन करतात, "मॅडम, रेडिमेड प्रोजेक्ट कुठं भेटते?" प्रोग्रॅम, अहवाल, आकडे, सारे मोबाईल पाच मिनिटांत लिहून देतो. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने तलावाच्या पाण्याचा प्रकल्प तसाच केला. ती तलावावर एकदाही गेली नव्हती, हे मला ठाऊक होते. तरीही मार्गदर्शक म्हणून मी सही केली, कारण शाळेला नंबर हवा होता. पहिला आला.

सर प्रदर्शन पाहायला आले होते. त्यांनी तक्ता वाचला आणि त्या मुलीला हळूच विचारले, "बेटा, हे मोजलं कोणी?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. सर चष्मा पुसत पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

सरांचे गुडघे आता साथ देत नाहीत. रविवारच्या वर्गाला दोनच मुली येतात, बाकीची मुले शिकवणीला जातात. त्या प्रदर्शनाआधी सर मला भेटतील तेव्हा म्हणायचे, "माह्या मागं ही खोली तू सांभाळ." मी "बघू ना, सर" म्हणून वेळ मारून नेत असे. प्रदर्शनानंतर त्यांनी मला एकदाही विचारले नाही. आणि खरे सांगते, मला त्याने हायसे वाटले. त्या हायसे वाटण्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते.

सरांना उत्तम आरोग्य लाभो, त्यांनी शंभरी पार करावी, हे मी मनापासून मागते. पण या मागण्यात भक्तीपेक्षा स्वार्थच जास्त आहे. सरांनी घडवलेले आम्ही इतके जण या ग्रंथात लिहीत आहोत आणि त्या दोन मुलींसाठी रविवारी ती खोली उघडायला आमच्यातला एकही तयार नाही. म्हणून पंच्याहत्तरीच्या माणसाला आम्ही म्हणतो आहोत, सर, तुम्ही अजून जगा.