खिळ्यांवर टांगलेली शाळा

खैरुनबाई शिकलगारांना राग आला की हातातला खडू मोडायचा. चौऱ्याहत्तर सालच्या तपासणीच्या सोमवारी तीन मोडले, आणि तिन्हींना हेडमास्तर गणपतराव जबाबदार होते.

उचगावच्या शाळेत बाई दुसरीला शिकवायच्या. त्यांच्या वर्गात चिमणाबाईची झुंबर होती, आठ वर्षांची. ती बोलत नसे, कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे, आणि घंटा झाली की किंचाळत सुटे. गावानं तिला वेडी ठरवून टाकलं होतं. गावाला काय, ठरवायला कितीसा वेळ लागतो! कुणी अंगारे सुचवले, कुणी चटके. आधीच्या मास्तरांनी छडी चालवून पाहिली. ‘शिकवायचं सोडून सगळं करून झालं हिला,’ बाई चिडून म्हणायच्या.

बाईंचे वडील कोल्हापुरात सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. ज्या क्रमानं अवजार लागे, त्याच क्रमानं ते दुकानाच्या भिंतीवर टांगलेलं असे. नवा माणूसही भिंत बघून काम करी. बाईंनी वर्गात तेच केलं. खिडकीखाली पाच खिळे ठोकले. पहिल्यावर पाटी, मग चिंचोक्यांची पिशवी, मग पाण्याचा पेला, मग वाचनाचं पुस्तक दोरीला बांधून, आणि शेवटी झुंबरचं दप्तर, म्हणजे घर. एक काम झालं की ती वस्तू खाली टोपलीत. पुढं काय येणार ते झुंबरला दिसायला लागलं आणि किंचाळणं हळूहळू कमी झालं. घंटेच्या आधी बाई खूण करत, ती आपणहून कान झाकी. दिवाळीपर्यंत चिंचोके मांडून वीसपर्यंतच्या बेरजा करू लागली. हजेरीत नाव आलं की ‘हजर’ म्हणत नसे, एक चिंचोका समोर ठेवी. बाईंना तेवढं पुरे होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी, रविवार साधून, गणपतरावांनी वर्गाला चुना मारला. भिंतीवरचा ‘उकिरडा’ अडगळीत टाकला आणि वर ‘सुस्वागतम्’ लावलं.

सकाळी झुंबर आली. तिनं रिकामे खिळे एकेक करून चाचपले आणि भिंतीवर डोकं आपटायला लागली. नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब दारात उभे. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं. दोन! शेरेबुकात लिहिलं : ‘मुलगी वेडसर. नाव कमी करावे.’

“साहेब, दहा मिनिटं थांबा, वस्तू परत टांगते,” बाई म्हणाल्या. पण साहेबांना जेवून पन्हाळा बघायला जायचं होतं.

बाईंनी गणपतरावांना त्यांच्या खोलीत गाठलं. “गुरुजी, तुमच्या नाकावरचा चष्मा काढून फेकला, आन् वर म्हटलं, ह्या मास्तराला वाचता येत न्हाई, तर चालंल का तुम्हाला?”

“वरचा हुकूम हाय बाई. मी काय करू?”

“आडगळीत टाकताना कुणाचा हुकूम होता?”

 संध्याकाळी गणपतरावांनी हजेरीतलं झुंबरचं नाव लाल शाईनं कापलं.

दुसऱ्या दिवशी पाचही वस्तू खिळ्यांवर परत आल्या होत्या, आणि झुंबर खाली बसली होती. बाई ते नाव गाळतील याचा भरवसा नव्हता म्हणून हजेरी घ्यायला गणपतराव स्वतः आले. सतरा नंबरनंतर त्यांनी एकदम एकोणीस वाचला. झुंबरला वर्गाचा क्रम पाठ होता. चिंचोका धरलेला तिचा हात वर उचललेला होता, तो तसाच राहिला. यादी संपली तरी खाली येईना.

“गुरुजी, झुंबर ऱ्हायली की!” एक पोरगी ओरडली. मग सगळा वर्गच ओरडायला लागला.

“तिचं नाव न्हाई आता,” गणपतराव पुटपुटले.

“ते तिला सांगा,” बाई म्हणाल्या. “माझ्या तोंडानं न्हाई व्हायचं.”

गणपतराव झुंबरपुढं येऊन उभे राहिले. तो एवढासा हात अजून वरच होता. त्यांनी हजेरीपत्रक मिटलं.

“झुंबर,” ते म्हणाले. तिनं चिंचोका खाली ठेवला.

वर्गाबरोबर बाईही वर सरकल्या, आणि चौथी होईपर्यंत ती पोरगी रोज शाळेत आली, पण कागदावर एक दिवसही नाही. बाईंचा राग काही गेला नाही. रोज सकाळी सतरा नंबर झाला की बाई कागदावर नसलेलं ते नाव घ्यायच्या, हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.