पाणी पाजायची वेळ

किनुए लग्न होऊन जपानमधल्या तोसाच्या डोंगरातल्या त्या घरात आली तेव्हा घण कसा धरतात हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं. भट्टीत बाईनं पाऊल टाकलं की भट्टीची देवी रुसते, असं सगळं खोरं मानायचं. नवरा तोराकिची ऐरणीपाशी बसे, धाकटा दीर समोर उभा राहून घण घाली. मग युद्ध आलं आणि दिराला घेऊन गेलं. परत आली ती एक पांढरी पेटी, आत त्याच्या नावाचा कागद.

सासूनं सुतकाचे एकोणपन्नास दिवस पाळले. पन्नासाव्या दिवशी सकाळी तिनं कोपऱ्यातला घण उचलला आणि सुनेच्या हातात दिला.

"अहो सासूबाई, देवी कोपेल ना!"

"कोपू दे. देवी काय येणार आहे घण घालायला?"

पहिल्या आठवड्यात किनुएला जेवताना काड्या धरता येईनात. सासू भात भरवायची आणि वर बोलायची, "अशी काय कण्हतेस? लोखंड मार खातंय, तू नाही." दोन वर्षांत तिचे खांदे असे भरले की गावातले टवाळ म्हणू लागले, तोराकिचीला बायकोशी भांडायची सोय राहिली नाही, घण तिच्या हातात असतो. तोराकिची हे ऐकून हसायचा नाही, पण त्याला रागही यायचा नाही हे तिला कळायचं. सासू गेली. मूल झालं नाही. छत्तीस वर्षं त्या दोघांच्या मध्ये फक्त एक ऐरण होती.

तो बोलायचा फार कमी. कुठे मारायचं ते तो छोट्या हातोडीनं दाखवायचा, तिथेच तिचा घण पडायचा. कोयते, विळे, कुऱ्हाडी. देवदाराच्या जंगलात लाकूड तोडणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला तोराकिचीचा कोयता असे.

एकच काम त्याचं एकट्याचं होतं. पोलादाला पाणी पाजायचं, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करायचं. त्या वेळी भर दुपारीसुद्धा तो खिडक्यांच्या फळ्या लावून घ्यायचा, कारण उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग खोटं बोलतो. अंधारात पातं विस्तवावर पुढे-मागे सरकत राही. डोंगरामागे बुडणाऱ्या सूर्याचा लाल आला की त्याच क्षणी ते पाण्यात जायला हवं. संत्र्याचा रंग चढला की उशीर झाला, मग धार काचेसारखी तडकते. किनुए भात्यापाशी उभी राहायची, गप्प. बघायची मात्र रोज.

एका शरद ऋतूत कुमेजी आला. म्हातारा लाकूडतोड्या, मनात येईल ते बोलून टाकणारा माणूस. तोराकिची कोळसा आणायला गेला होता. कुमेजीनं कमरेचा कोयता काढून ओट्यावर ठेवला. धारेचे तीन टवके उडालेले, दात पडावेत तसे.

"वहिनी, माझ्या तोंडात उरलेत त्याहून कमी दात आहेत या कोयत्याला."

"गाठ लागली असेल लाकडाला."

"चाळीस वर्षं झाडं पाडतोय. गाठ आणि कोयता यातला दोष कुणाचा ते मला कळतं." मग त्यानं आवाज खाली आणला. "मी एकटा नाही. माझ्याबरोबर लाकूड तोडणाऱ्या चौघांचेही असेच गेले. ते आता खालच्या हिरोसे लोहाराकडे जातात, मशीनच्या घणाकडे. तोराला कोण सांगणार? तुम्ही सांगाल?"

"तुम्ही ठेवून जा. मी बघते."

"काय बघणार?"

"अहो, ठेवून जा म्हटलं ना!"

तिनं दुसऱ्याच दिवशी बघितलं. फळ्या लागल्या, अंधार झाला, पातं लाल झालं. आत्ता, ती मनात म्हणाली. पातं लाल होतं तसंच विस्तवावर राहिलं. मग नारिंगी झालं. मग कुठे तोराकिचीनं ते पाण्यात घातलं. त्याचे डोळे विस्फारलेले होते, जणू दूरच्या कुणाला ओळखू बघतोय. जन्मभर विस्तवाकडे बघून त्याच्या डोळ्यांतला लाल रंगच जळून गेला होता.

सांगितलं तर तो त्याच दिवशी भट्टी बंद करील, हे तिला माहीत होतं. आणि भट्टी बंद झालेला तोराकिची कसा असेल, याचा विचार तिच्याच्यानं होईना.

पुढच्या खेपेला लाल रंग आला तेव्हा ती खोकली. एकदाच, हलकंसं. त्याचा हात थबकला आणि पातं पाण्यात गेलं. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला. त्याच्या पुढच्या खेपेलाही ती खोकली. एकदा तर तिला वाटलं, खोकला यायच्या आधी तो मान किंचित तिच्याकडे वळवतो. पण अंधार होता. अंधारात काय, काहीही वाटतं.

तीन वर्षं कुणाच्याही कोयत्याचा दात पडला नाही. कुमेजी येऊन म्हणाला, "तोरा, म्हातारपणी हात सुधारला की रे तुझा!" तोराकिचीनं नुसतं नाक पुसलं.

चौथ्या हिवाळ्यात किनुएला खराच खोकला लागला. आधी पहाटे, मग कधीही. घण खाली ठेवून ती भिंतीला धरून उभी राही. पाणी पाजायच्या वेळी ती तोंडात रुमाल कोंबायची. एका दुपारी रुमालाला न जुमानता खोकला आला. पातं अजून काळपट होतं, लालीची नुसती सुरुवात.

पाण्यातून नेहमीचा आवाज आलाच नाही, नुसतंच चुर्र झालं.

तोराकिचीनं फळी उघडली. पातं उजेडात नेऊन त्यावर कानस फिरवली. कानस लोण्यात शिरावी तशी रुतली. कच्चं. मान वर न करताच तो म्हणाला,

"लवकर खोकलीस."

किनुएनं तोंडातला रुमाल काढला. "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्याच दिवसापासून. छत्तीस वर्षांत तू भट्टीत कधी खोकली नव्हतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कुठे बोललीस?"

गावातल्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि तोराकिचीलाच रागावले. कोळशाची धूळ भरली आहे, हिनं भट्टीची पायरीसुद्धा चढायची नाही. तो खाली मान घालून ऐकत होता. कुमेजीचा एक कोयता बाकी होता, मुठीचं लाकूड त्यानं स्वतःच आणून दिलं होतं, ओकचं.

किनुए अंथरुणात पडून ऐकत होती. भिंतीपलीकडे एकटी हातोडी चालली होती, ठण, मग घणाची मोकळी जागा, मग ठण. त्या मोकळ्या जागेत तिचे खांदे आपोआप उचलले जात होते. दुपारी फळ्या लागल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. तिनं डोळे मिटले. आता तो पुढे सरकवतोय. आता मागे. ती कशाची तरी वाट बघत होती, आणि ते तिलाच करायचं होतं.

मग पाण्याचा आवाज आला, आणि त्यातच एक बारीक, स्वच्छ टणत्कार. पातं तडकलं की तसंच वाजतं. लोहाराच्या घरात तो आवाज कुणाला शिकवावा लागत नाही.

तोराकिची आत आला. हात धुतलेले होते.

"ऐकलंस?"

"नाही," ती म्हणाली. "डोळा लागला होता."

मग कपाटातलं स्वच्छ जाकीट काढून त्यानं अंगात घातलं आणि ओकची मूठ फडक्यात गुंडाळली.

"कुठे निघालात?"

"खाली. हिरोसेकडे. कुमेजीला कोयता हवाय, हिरोसेला सांगतो करून दे म्हणून. आपला उरलेला कोळसाही घेऊन जा म्हणतो. चांगला पाईनचा आहे, उगाच भिजेल."

"मी येऊ सोबत? पायऱ्या ओल्या आहेत."

"पड तू. पायऱ्या काही लाल नाहीत, दिसतात मला."

ती उठून दारापर्यंत गेलीच. तो दगडी पायऱ्या उतरत होता. प्रत्येक पायरीवर आधी एक पाय टेकवून बघत होता, मग दुसरा. वळणापाशी थांबला, काखेतलं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं, आणि देवदारांच्या आड गेला. मागे धुराड्यातून अजून थोडा धूर येत होता. तिनं तो संपेपर्यंत बघितला.