मूळ फाईलची तारीख

ब्रह्मपुरीहून कुरखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान दवाखान्यात मी पाच वर्षं संगणकाचं काम पाहिलं. वडील तलावावर मासेमारी करायचे. आमच्या घरात संगणकाला हात लावणारी मी पहिलीच. दवाखान्यात नोंदणी, प्रयोगशाळा आणि औषधसाठा यांचे तीन जुने संगणक होते. प्रयोगशाळेतला तर उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बंद पडायचा. आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण पुष्कळ, आणि त्यांच्या वर्षानुवर्षांच्या तपासण्या त्याच डब्यात.

मग एक नवा सर्व्हर मिळाला. एकच. त्या एकावर तिन्ही बसवायचे ठरले, आणि ते मी करीन असं डॉक्टरबाईंना सांगून मीच मोकळी झाले. तोवर मी ते फक्त वाचलेलं होतं.

पहिल्याच पायरीवर अडले. एका यंत्रात अनेक संगणक चालवणारा हायपरवायझर बसेना, या यंत्रात ती सोय नाही, असं पडद्यावर येई. दोन दिवस मी यंत्रालाच दोष देत होते. शेवटी यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये खोलवर एक ओळ सापडली. ती सोय होती, पण बंद करून ठेवलेली. चालू केली आणि गाडी पुढे सरकली. जुन्या तिन्ही संगणकांच्या डिस्कची नक्कल करून मी एकेक करत ते आत उभे केले.

प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ भाऊ निवृत्तीला आलेले. ते दारात उभं राहून बघत. डब्बा एक आणि संगणक तीन, हे त्यांना पटेना. मी सांगितलं की आतल्या प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत, आणि खाली बसलेला हायपरवायझर तिघांना मेमरी, डिस्क वाटून देतो.

"म्हंजे एकाच घरी तिघा भावाच्या तीन चुली," ते म्हणाले.

"हो. पण दुसरी चूल आहे हे कोणालेच माहीत नाई."

ते हसले, पण लगेच म्हणाले, "मंग वाटणारा चुकला तं?"

मी पडद्याकडे वळले. वाटणीत मी एक चलाखी केली होती. डिस्कवर होती त्यापेक्षा जास्त जागा मी तिघांना मिळून कबूल केली होती. यंत्र तसं करू देतं. लागेल तशी जागा देत जातं. सगळे एकदम मागणार नाहीत, हा माझा हिशोब.

दुसरी गोष्ट तर माझ्या लक्षातच राहिली नाही. प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर नवं करण्याआधी मी स्नॅपशॉट घेतला होता. तो घेतला की जुनी फाईल आहे तशी गोठते आणि पुढचं सगळं दुसऱ्या फाईलीत लिहिलं जातं. काम बिघडलं तर मागे जाता येतं. काम बिघडलं नाही. स्नॅपशॉट मात्र काढायचा राहिला, आणि ती दुसरी फाईल रोज फुगत गेली.

नऊ दिवसांनी गुरुवार होता, सिकलसेलच्या ओपीडीचा दिवस. अकराच्या सुमारास भाऊ आले आणि म्हणाले की पडदा थिजला आहे. पाठोपाठ नोंदणीच्या खिडकीतूनही निरोप आला. मी सर्व्हरसमोर बसले. डिस्क भरली होती, आणि हायपरवायझरनं आतली मशीनं जागीच थांबवली होती.

सर्व्हर देणाऱ्या नागपूरच्या माणसाला फोन लावला. त्यानं हिंदीत झटपट सांगितलं की नावाच्या शेवटी आकडे लावलेली एक मोठी फाईल दिसेल, ती उडव, जागा होईल, पाच मिनिटांचं काम आहे. फाईल दिसत होती. मी ती निवडली, बोट बटणावर नेलं, आणि सहज शेजारच्या मूळ फाईलच्या तारखेकडे पाहिलं. ती नऊ दिवसांपूर्वीची होती. म्हणजे त्यानंतर मूळ फाईलीत एक अक्षरही लिहिलं गेलं नव्हतं. नऊ दिवसांतला प्रत्येक रुग्ण मी उडवायला निघालेल्या फाईलीत होता. मी बोट मागे घेतलं.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. कुरखेड्याच्या पलीकडून एक बाळंतीण आली होती, तिला रक्त द्यायचं होतं. मागच्या वेळी दिलेलं रक्त तिला बाधलं होतं, म्हणून भाऊंनी सोमवारी तिची सगळी तपासणी करून नोंदवली होती. छापलेला कागद ती घरी विसरली होती.

"किती वेळ लागेल?" बाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही, बाई."

"नोंदी परत मिळतील, हे तरी सांगता येतं?"

मी तेही सांगू शकले नाही. मग बाई भाऊंना म्हणाल्या की तिची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा, आणि ओपीडी कागदावर चालू द्या.

स्नॅपशॉट मूळ फाईलीत मिसळायचा तर त्यालाही थोडी जागा लागते. औषधसाठ्याचं मशीन मी पूर्ण बंद केलं आणि त्याची डिस्क बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवायला घेतली. त्यात तास गेला. खिडकीबाहेर रांग वाढत होती, आतापर्यंत न बोललेली माणसं आता बोलू लागली होती. मला भीती विजेची होती. मध्येच गेली आणि बॅटरीनं दगा दिला, तर मिसळणं अर्ध्यावर तुटणार.

जागा झाली. मी प्रयोगशाळेचं मशीन बंद करून मिसळायला लावलं. पडद्यावरची प्रगतीची पट्टी पुढे सरकली आणि चाळीस टक्क्यांवर थांबली. वीस मिनिटं तिथंच. नागपूरचा माणूस फोनवर रद्द कर म्हणत होता. मी फोन ठेवून दिला. डिस्कचा हिरवा दिवा लुकलुकत होता, त्याअर्थी आत लिहिणं चालू असावं, एवढाच आधार.

तीनला काम संपलं. मशीन चालू केलं तेव्हा भाऊ मागे येऊन उभे होते. मी सोमवार काढला. त्या बाईची नोंद होती, आणि भाऊंनी नुकत्याच हातानं केलेल्या तपासणीशी ती तंतोतंत जुळत होती.

"आहे," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

रक्त चार वाजता सुरू झालं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. काय झालं, कशामुळे झालं, ते माझ्या सहीनं लिहून द्यायला सांगितलं. जास्तीची जागा कबूल केल्याचं, स्नॅपशॉट विसरल्याचं, दोन्ही मी लिहिलं. लिहिताना कारणं खूप सुचत होती, ती लिहिली नाहीत.

संध्याकाळी वार्डात गेले. बाळंतिणीची सासू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. त्यांची शेवटची बस गेली होती, गावी दोन लेकरं शेजाऱ्यांकडे होती. तिनं विचारलं, "मशीन बंद पाडलं ते कोन?"

"मीच," मी म्हटलं.

तिनं बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "रक्त बरोबर भेटलं ना तिले?"

"हो. दोनदा तपासलं."

"मंग बस इथी," ती म्हणाली, आणि बाकावर थोडी सरकली. मी बसले. रक्ताची बाटली संपेपर्यंत मी तिथून उठले नाही.