गंधकाचं पाणी मी गावाला पाजलं

"गुरुजी, तुम्ही पाणी कुठलं पिता?"

डॉक्टरबाईंच्या हातात माझ्या ईसीजीची लांब पट्टी होती. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागदावर काढलेला आलेख. मला वाटलं होतं, त्या तंबाखूचं विचारतील, जेवणाचं विचारतील. त्यांनी पाण्याचं विचारलं. लातूरच्या त्या दवाखान्यात मी लोखंडी खाटेवर पडून होतो, उठून बसता येत नव्हतं, तरी अभिमानानं सांगितलं, "गंधकाचं. आमच्या गावचं पाणी औषधी हाय. रोज सकाळी अनशापोटी चार तांबे पितो."

"आणि संडासला किती वेळा जाता?"

"पाच-सहा वेळा. पोट साफ होतंय."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "पोट साफ होत नाहीये गुरुजी, तुम्ही रिकामे होताय. अंगातलं पोटॅशियम वाहून गेलंय. म्हणून पाय उचलत नाहीत. असंच चालू राहिलं असतं तर उद्या-परवा हृदयही थांबलं असतं."

या आजाराचं नाव हायपोकॅलेमिया. आपल्या रक्तात पोटॅशियम नावाचा एक क्षार असतो. स्नायू हलतात ते त्याच्या जोरावर, आणि हृदय हाही स्नायूच. तो क्षार फार कमी झाला की हातपाय लुळे पडतात, ठोके चुकायला लागतात. मला हे सगळं त्या दिवशी कळलं. तोवर अहमदपूर तालुक्यातल्या माझ्या गावात पाण्यातलं सगळ्यात जास्त कळणारा माणूस मीच होतो.

हे मी लिहितोय ते तुमच्या गावात, तुमच्या घरात असं काही चालू असेल तर वेळेत थांबावं म्हणून. माझं नाव शिवमूर्ती. प्राथमिक शाळेत मास्तर होतो. माझ्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर सोरायसिस होता. सोरायसिस म्हणजे कातडीचे पांढरे पापुद्रे सुटतात, खाज येते, आणि तो पुरता जात नाही. एका उन्हाळ्यात मी नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या बाजूला, गंधकाच्या गरम झऱ्यावर आठ दिवस अंघोळी करून आलो होतो. खाज बरीच कमी झाली. तेव्हापासून गंधकावर माझी श्रद्धा बसली.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास आमच्याकडे दुष्काळ होता. गावातल्या विहिरींचे तळ उघडे पडले. मग बोअर पाडायची गाडी आली आणि मारुतीच्या पाराजवळ खूप खोलवर पाणी लागलं. हापसा बसला. पहिल्या दिवशी गाव जमलं, नारळ फुटला, आणि पाणी आलं तेव्हा बायकांनी पदर नाकाला लावला. सडक्या अंड्यासारखा वास.

मी ओंजळ भरून वास घेतला आणि ओळखला. झऱ्यावरचाच वास. मी तिथंच उभा राहून सांगितलं, "ह्ये गंधकाचं पाणी हाय. लोक दुरून जाऊन ह्याच्यात अंघोळ करतेत. देवानं आपल्या दारात आणून दिलं. बिनधास्त प्या."

गुरुजी म्हणाले म्हटल्यावर गाव प्यायलं. शाळेच्या माठातही तेच पाणी मी भरायला लावलं.

पहिले पंधरा दिवस निम्म्या गावाला ढाळ लागले. मी सांगत फिरलो, "आतली घाण निघून राहिली, घाबरू नका." पुढं बहुतेकांचं पोट ठिकाणावर आलं आणि माझं म्हणणं खरं ठरलं. खरं कारण वेगळं होतं. धडधाकट माणसाच्या आतड्याला त्या पाण्याची हळूहळू सवय होते, हे मला डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं. माझी सवय होणार नव्हती, कारण मी तहानेपुरतं पीत नव्हतो, औषध म्हणून ढोसत होतो. शिवाय मला ब्लडप्रेशर होतं आणि त्यासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. त्या गोळीनंही पोटॅशियम जातं. म्हणजे दोन्ही बाजूंनी गळती.

आधी पिंढऱ्यांत गोळे यायचे. मग जिना चढताना मांड्या थरथरायच्या. बायको महादेवी म्हणायची, "पाणी कमी करा." मी म्हणायचो, "रोग निघताना त्रास देतोच."

एका सकाळी चौथीच्या वर्गात खुर्चीवर बसून हजेरी घेतली आणि उठायला गेलो तर उठताच येईना. पायांना सांगावं आणि पायांनी ऐकू नये, असं. पोरं हसली, त्यांना वाटलं गुरुजी गंमत करताहेत. मी दोन्ही हातांनी टेबल धरलं तर हातही सुटले. गावातल्या दोघांनी मला खुर्चीसकट उचलून एसटीपर्यंत नेलं.

दवाखान्यातले पहिले दोन दिवस सलाईनमध्ये गेले. त्यातून पोटॅशियम अगदी थेंबाथेंबानं सोडत होते, कारण ते भरभर सोडलं तरी हृदयाला धोका. हाताची शीर आतून भाजल्यासारखी होते. ज्यांना हे लावतील त्यांनी घाबरू नये, पण आगआग वाढली तर नर्सला सांगावं. रक्ताचा नमुना सोलापूरला गेला होता, तिथला रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. डॉक्टरबाईंनी ईसीजी पाहून जे ओळखलं होतं तेच त्यात होतं. त्याच दिवशी माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलला. महादेवी माझ्या तोंडाकडे पाहायची सोडून त्या अंगठ्याकडेच पाहत बसली.

मी डॉक्टरबाईंशी वाद घातला, हेही सांगायला हवं. म्हटलं, "बाई, गंधकानं माझी कातडी सुधारली होती."

"अंघोळीनं सुधारली. प्यायल्यानं नाही," त्या म्हणाल्या. "आणि गुरुजी, तुम्हाला वास येतो तो वायूचा. तो उघड्यावर ठेवला की उडून जातो. तुमचं पोट बिघडवतोय तो पाण्यात विरघळलेला क्षार, सल्फेट. त्याला ना वास, ना रंग. एप्सम सॉल्ट ठाऊक आहे?"

जुलाबाचं मीठ. लहानपणी आम्हाला महिन्यातून एकदा द्यायचे.

"तुम्ही ते रोज घेत होतात. तो क्षार आतड्यात शोषला जात नाही. तिथंच राहतो आणि अंगातलं पाणी स्वतःकडे ओढून घेतो. ह्याला ऑस्मॉटिक डायरिया म्हणतात."

मी ऐकून घेतलं. पण पटलं असं नाही. पटलं ते चौथ्या दिवशी.

चौथ्या दिवशी दुपारी माझी सून संगीता दवाखान्यात आली. मुलगा नांदेडला नोकरीला होता, ती बाळंतपणानंतर आमच्याकडेच होती. मला वाटलं मला भेटायला आली. तिनं पदराखालून सात महिन्यांची गौरी काढली तेव्हा महादेवी उठूनच उभी राहिली. पोरीचे डोळे खोल गेले होते. टाळू बसली होती. रडायला तोंड उघडत होती पण आवाज निघत नव्हता.

"मामंजी, तीन दिवस झाले ढाळ थांबंना," संगीता म्हणाली. तिचं दूध पुरेनासं झालं म्हणून आठवड्यापूर्वीच गौरीला डब्यातलं पावडरचं दूध चालू केलं होतं.

डॉक्टरबाईंनी पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "पावडर कुठल्या पाण्यात कालवतेस?"

"हापशाच्या. पण उकळून घेते बाई. मामंजींनी सांगितल्यापरमाणं चांगलं खळाखळा उकळते."

"उकळल्यानं जंतू मरतात, बाळ. क्षार मरत नाही. पाणी आटतं आणि क्षार उलट दाट होतो."

संगीता माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. मी आता काय सांगतो म्हणून पाहत होती. गेले चार महिने त्या घरात पाण्याबद्दल शेवटचा शब्द माझा होता. मी भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरबाईंनी पोरीला त्याच वॉर्डात ठेवून घेतलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "जंतूंचे जुलाबही असू शकतात, मी शौच तपासायला देते. पण पाणी आत्ताच बदला." साखर-मिठाचं पाणी, दवाखान्याच्या विहिरीचं, दर पाच मिनिटांनी एक चमचा. संगीता आणि महादेवी पाळीपाळीनं चमचा धरत होत्या. मी खाटेवरून मोजत होतो. पोरीनं ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा सुरू करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चमचा तोंडात घट्ट धरला आणि सोडेना. दुपारी ती रडली, चांगली वॉर्डभर ऐकू जाईल अशी. शेजारच्या खाटेवरची निलंग्याची म्हातारी म्हणाली, "आता वाचली बघ. भांडायला लागली." तपासणीत जंतू काही सापडले नाहीत.

त्या रडण्यानंतर मी ठरवलं की गावात गेल्यावर पहिलं काम कुठलं.

दहाव्या दिवशी काठी धरून मी हापशावर गेलो. बायकांची रांग होती. मी म्हटलं, "मी चुकलो. ह्ये पाणी पिऊ नका. भांड्याला, धुण्याला वापरा. पण पिऊ नका, अन् लेकरांच्या दुधात तर अजिबात घालू नका."

रांगेतली गंगाबाई माझ्याच वयाची. तिनं घागर खाली ठेवली. "तुम्हीच म्हणलाव ना गुरुजी, रोग धुऊन जातंय म्हणून? माझ्या नातीला मी वाटीनं पाजलंय."

"हाव. मीच म्हणलो होतो."

"मग आता काय प्यावं? तुमचं त्वांड बघावं?"

तिचं बरोबर होतं. टँकर त्याच गावांना मिळत होता जिथं पाण्याची सोय नाही. आमच्या गावात हापसा चालू होता. सरपंच म्हणाले, "गुरुजी, हापशाचं पाणी वाईट हाय असं तुम्ही तोंडी म्हणून चालत न्हाई. कागद पायजे."

मग मी कागदाच्या मागे लागलो. पाय अजून लटपटत होते. महादेवी बरोबर यायची, एसटीत चढताना मागून कमरेला हात द्यायची. नव्या जिल्ह्याची कचेरी तेव्हा बसते बसतेच होती, काही दप्तर अजून जुन्या जिल्ह्याकडून यायचं होतं. कुणी वाईट वागलं नाही, पण कुठं जावं हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा मी पाणी तेलाच्या बाटलीतून नेलं, ते परत केलं. अशी बाटली चालत नाही, त्यात तेलाचा अंश राहतो. दुसऱ्यांदा डॉक्टरबाईंनी दवाखान्यातली स्वच्छ बाटली दिली आणि स्वतः चिठ्ठी लिहिली, की या गावचे दोन रुग्ण मी तपासले आहेत. ती चिठ्ठी कामाला आली. बाटली तपासणीला गेली.

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आम्ही हात बांधून बसलो नाही. गावाबाहेर बसप्पांच्या मळ्यात एक जुनी विहीर होती, गाळानं भरलेली. ज्या गंगाबाईनं मला रांगेत सुनावलं होतं तिनंच बायका जमवल्या. पुरुष आत उतरले, बायकांनी टोपल्या ओढल्या. मला उतरता येत नव्हतं, मी काठावर बसून दोर सांभाळला. सहाव्या दिवशी कपारीतून पाझर सुटला. दिवसाकाठी घरटी एक घागर, जास्त नाही. ठरलं की आधी लेकरांच्या आणि बाळंतिणींच्या घरी, मग बाकीच्यांना. यावरून भांडणं झाली, पण ठराव मोडला नाही.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की सल्फेट आणि मॅग्नेशियम फार, पाणी पिण्यास अयोग्य. तो कागद सरपंचांनी तालुक्याला नेला आणि टँकर सुरू झाला. हापशावर मी स्वतः रंगानं लिहिलं, पिण्यासाठी नाही. अक्षर चांगलं आलं नाही, पण लांबून वाचता येत होतं.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. पाण्याला वास आहे म्हणून ते औषध ठरत नाही आणि वास नाही म्हणून ते चांगलंही ठरत नाही. नवीन बोअरचं पाणी तपासून घ्या. पाणी बदलल्यावर घरात जुलाब सुरू झाले तर आधी पाण्यावर संशय घ्या. ब्लडप्रेशरची गोळी चालू असताना जुलाब लागले तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना गोळीसकट दाखवा. पायात जोर वाटेना झाला तर ती कमजोरी म्हणून सोडू नका.

माझी कातडी आजही तशीच आहे, मलम लावतो. गौरी मोठी झाली. त्या डॉक्टरबाईंची पुढं बदली झाली, त्यांचे आभार मानायला मी गेलो तेव्हा त्यांची खुर्ची दुसऱ्याकडे होती. म्हणून इथं मानतो. संगीतानं मला आजवर एका शब्दानं बोल लावला नाही. तिचे आभार कसे मानावेत हे मला अजून जमलेलं नाही.

बरा होऊन शाळेत गेलो त्या पहिल्या दिवशी चौथीतली एक मुलगी उभी राहिली. तिनं विचारलं, "गुरुजी, जमिनीच्या पोटात गंधक येतंय कुठून?"

तीस वर्षं मी असल्या प्रश्नांना लगेच उत्तर देत आलो होतो. त्या दिवशी मी म्हटलं, "मला ठाऊक नाही गं. विचारून सांगतो."

मग ती मुलगी म्हणाली, "बरं," आणि खाली बसली.